‘प्लिंथ कम्प्लीट’ म्हणजे नेमकं काय कम्प्लीट?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी बोललेलंच थोडं नीट करून लिहितोय. या वेळचा शब्द आहे प्लिंथ. नवीन फ्लॅट बुक केलेल्या प्रत्येकाच्या कानावर तो एकदा तरी पडतो, आणि बहुतेक जण ‘असेल काहीतरी पायाबिया’ म्हणून पुढे जातात.

पाया नाही. पाया जमिनीच्या खाली. आजूबाजूच्या जमिनीपासून वर, तळमजल्याच्या फरशीपर्यंतचा जो उंच भाग असतो तो प्लिंथ. मराठीत याला जोतं म्हणतात आणि ते तुम्ही शंभर वेळा पाहिलंय. रायगडावर किंवा राजगडावर गेलात की वाड्यांच्या भिंती नसतात, छप्पर नसतं, पण दगडी चौकोन शिल्लक असतात, ज्यावर बसून आपण डबा खातो. तीच जोती. शनिवारवाड्यातही १८२८ च्या आगीनंतर आतल्या महालांची मुख्यतः जोतीच उरली. वरचं लाकूडकाम जळतं, विटा-माती ढासळते, दगडी जोतं टिकतं. इंग्रजी शब्दाचं मूळ मात्र ग्रीक आहे, आणि तिथे त्याचा अर्थ वीट!

जोतं उंच का ठेवायचं? पावसाचं पाणी घरात येऊ नये, हे सरळ कारण. दुसरं कारण ओल. वीट स्पंजासारखी खालून पाणी ओढते, म्हणून जोत्याच्या डोक्यावर ओल अडवणारा एक थर देतात. आरसीसी इमारतीत कॉलम याच पातळीला प्लिंथ बीमने एकमेकांना बांधतात, मधल्या जागेत मुरूम भरून तो पाणी मारून दाबतात आणि त्यावर काँक्रीटचा थर येतो. मुरूम नीट दाबला नाही तर काही वर्षांनी तळमजल्याच्या फरश्या खचतात. राष्ट्रीय इमारत संहितेत जोत्याची उंची आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर, म्हणजे साधारण दीड फूट सांगितली आहे. (आमच्याकडे रस्ता दर दोन वर्षांनी वर येतो आणि घर खाली जातं, तो वेगळा एपिसोड.)

आता पैशांकडे येतो. माझ्या मावसभावाला बिल्डरचा मेल आला: प्लिंथ कम्प्लीट झाली आहे, पुढचा हप्ता भरा. त्याने तो मला फॉरवर्ड केला, कारण घरात इंजिनिअर म्हणजे मी. माझं इंजिनिअरिंग कॉम्प्युटरचं, पण नातेवाइकांना तेवढा फरक चालतो. मी त्याचा करारनामा उघडला. महारेराच्या नमुना करारात पैसे टप्प्यांना बांधलेले आहेत. करारानंतर एकूण किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि प्लिंथ पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत. सगळे स्लॅब झाले की ७० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ६० लाखांच्या फ्लॅटवर ‘प्लिंथ’ या एका शब्दाने ९ लाखांचं दार उघडतं. ते कर्जातून गेले आणि व्याज साडेआठ टक्के धरलं, तर महिन्याला सुमारे ६,४०० रुपये फक्त व्याज, तेही घरभाडं चालू असताना. टप्पा सहा महिने आधीच जाहीर झाला तर किती जास्तीचे गेले ते तुम्हीच काढा.

या कलमातले महत्त्वाचे शब्द पुढे आहेत: ‘ज्या इमारतीत किंवा विंगमध्ये तुमचा फ्लॅट आहे, तिची’ प्लिंथ. मेलमधला फोटो बी विंगचा होता आणि भावाचा फ्लॅट ए विंगमध्ये! आमच्या कामातही एका मॉड्यूलची टेस्ट पास झाली म्हणून सगळं ‘डन’ मार्क करणारे असतात, पण तिथे कुणाचं व्याज सुरू होत नाही.

टॉवरमध्ये अजून एक गोंधळ होतो. खाली दोन बेसमेंट असतील तर खड्डा खणून काँक्रीट ओतलेलं दिसलं की आपल्याला वाटतं, झालंच. पण बेसमेंट जमिनीखाली, प्लिंथ जमिनीच्या पातळीवर. पोडियम त्याच्याही वर. महारेराला आर्किटेक्ट जे प्रगतीचं प्रमाणपत्र देतो त्यातही खोदकाम, बेसमेंट-प्लिंथ, पोडियम आणि वरचे स्लॅब यांच्या टक्केवाऱ्या वेगवेगळ्या लिहायच्या असतात.

जाता जाता, प्लिंथ एरिया वेगळा. तो जोत्याच्या पातळीला मोजलेला, भिंतींची जाडी धरून येणारा एरिया. कार्पेट एरियापेक्षा तो मोठाच असणार, त्यामुळे जाहिरातीत कुठला आकडा छापलाय ते बघा.

मग डिमांड लेटर आलं तर करायचं काय? महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून आपल्या विंगची प्रगती बघा. बिल्डरकडे त्या विंगचं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र ईमेलने मागा, फोनवर नको. महापालिकेचा जोते तपासणी दाखला झाला असेल तर त्याचीही प्रत मागा. बँक पैसे सोडण्याआधी साइटवर माणूस पाठवते का, तेही विचारून ठेवा. आणि रविवारी बाइक काढून एकदा स्वतः जाऊन या. आपल्या विंगचे कॉलम जमिनीतून वर आलेत, त्यांना बीमने बांधलंय आणि मधे भराव पडलाय, एवढं गेटवरूनही दिसतं.