ख्रिसमसच्या आदल्या रात्रीची कविता नक्की कुणाच्या बाबांची?

डिसेंबर लागला की मॉलपासून रील्सपर्यंत जिकडेतिकडे सांता. बर्फावरची गाडी, आठ रेनडिअर, धुराड्यातून घरात उतरणं... हे चित्र इतकं पक्कं बसलंय की ते कुणी लिहिलं असेल असं आपल्या डोक्यातही येत नाही. पण त्या आठ रेनडिअरची नावं आली एका ५६ ओळींच्या इंग्रजी कवितेतून. अमेरिकेत कितीतरी घरांत २४ डिसेंबरच्या रात्री, मुलं झोपण्याआधी, कुणीतरी मोठं माणूस ती मोठ्यानं वाचून दाखवतं. आणि ती लिहिली कुणी, यावर दोन कुटुंबांचा दावा आहे!

झालं असं. २३ डिसेंबर १८२३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या 'ट्रॉय सेंटिनल' या वर्तमानपत्रात ही कविता छापून आली, 'संत निकोलसची भेट' अशा अर्थाच्या मथळ्याखाली. कवीचं नाव नाही. लोकांना ती आवडली, इतर पेपरांनी उचलली, आणि बिननावाचीच ती घरोघरी पोचली. १८३७ साली एका संग्रहात तिच्यासोबत क्लेमंट क्लार्क मूर हे नाव आलं. हे न्यूयॉर्कचे प्राध्यापक, धर्मशास्त्राच्या विद्यालयात हिब्रू वगैरे शिकवणारे. १८४४ मध्ये त्यांनी स्वतःच्या कवितासंग्रहातही ती घेतली. १८२२ च्या ख्रिसमसला आपल्या मुलांसाठी त्यांनी ती रचली, असं परंपरेनं सांगतात.

आता दुसरं घर. पोकीप्सी गावाजवळचे हेन्री लिव्हिंग्स्टन. शेतकरी, जमिनीची मोजणी करणारे, आणि गमतीच्या कविता करायची हौस. ते १८२८ मध्येच गेले. पुढे त्यांच्या मुलांना छापील पानावर मूर यांचं नाव दिसलं आणि ती चक्रावली. त्यांचं म्हणणं, 'ही तर आमच्या बाबांची! लहानपणी त्यांनीच आम्हाला वाचून दाखवली होती.' पुरावा? मूळ कागद आगीत जळाला, असं घरचे सांगत.

तुम्ही म्हणाल, मग विषय संपला. तसा तो संपलेला नाही. पहिल्या छपाईत शेवटच्या दोन रेनडिअरची नावं होती डंडर आणि ब्लिक्सम, म्हणजे डच वळणाचे 'गडगडाट' आणि 'वीज'. मूर यांच्या पुस्तकात झालं डॉन्डर आणि ब्लिट्झन. लिव्हिंग्स्टन यांच्या घराण्यात डच रक्त होतं, म्हणून डॉन फॉस्टर या अभ्यासकानं २००० साली शब्दांच्या लकबी तपासून कौल त्यांच्या बाजूनं दिला. इतिहासकार स्टीफन निसेनबॉम मात्र मूर यांच्याच बाजूचे.

मला विचाराल तर माझं मत मूर यांना. ते हयात असताना नाव छापलं गेलं, त्यांच्या हस्ताक्षरातल्या प्रतीही आहेत. पण लिव्हिंग्स्टनची मुलं खोटं बोलत होती, असं मला अजिबात वाटत नाही. वडिलांच्या आवाजात त्याच ठेक्याच्या कविता ऐकत ती वाढली होती. दोन हलके आघात, मग एक जोरकस, घोडा दौडत यावा तसा ठेका. वर्षानुवर्षं कानावर पडलेलं आपल्याच घरचं वाटायला लागतं.

आणि हो, या कवितेतला निकोलस बुटका आहे, एखाद्या बुटबैंगणाएवढा! गाडी इवलीशी, रेनडिअरही इवलेसे. म्हणूनच तर धुराड्यात मावतो. 'सांताक्लॉज' हा शब्द तर त्यात नाहीच. सांताचं आजचं रूप नंतर चित्रकारांनी घडवलं, १८६३ पासून थॉमस नास्ट यांनी तर खूपच. लाल नाकाचा रुडॉल्फ आला थेट १९३९ मध्ये, एका दुकानासाठी काढलेल्या पुस्तिकेतून.

मॅनहॅटनमध्ये मूर यांची कबर आहे. १९११ पासून दर ख्रिसमसला तिथल्या चर्चमधली मंडळी कविता वाचून, कबरीपर्यंत जातात. तुम्हाला ती अनुभवायची असेल तर डोळ्यांनी नुसती वाचू नका. कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा आणि हेडफोन काढून ऐका. मग कमेंटमध्ये लिहा, तुमचा कौल कुणाला?