रक्तगट जुळला, पण एचएलए?

पनवेलहून हार्बरची लोकल धरली की तिसरं स्टेशन खारघर. तिथल्या टाटा मेमोरियलच्या 'अ‍ॅक्ट्रेक' केंद्रात रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर बोन मॅरो प्रत्यारोपण होतं. त्यासाठी ए, बी, ओ गट जुळला नाही तरी निभावतं. जुळावे लागतात ते पांढऱ्या पेशींवरचे अँटिजेन, म्हणजे एचएलए. फ्रेंच डॉक्टर जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये त्यातला पहिला ओळखला आणि १९८० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

शिरलेल्या जंतूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून दाखवणं, हे एचएलएचं काम. ते तुकडे पाहूनच शरीर आपलं-परकं ठरवतं. ज्या प्रदेशात जे रोग, तिथे त्यांच्याशी झुंजणारे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या टिकले. म्हणूनच सहाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकांचे आजवर ३५ हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. फिट्सवरच्या कार्बामाझेपिन गोळीने कुणाची त्वचा जीवघेणी सोलवटते, तेही यातल्याच एका प्रकाराशी निगडित आहे. तो आग्नेय आशियात बराच आढळतो, युरोपात क्वचितच.

एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. एक-दोन मुलांच्या घरात म्हणूनच बहुधा परका दाता शोधावा लागतो आणि तिथे आपली लग्नपद्धत आड येते. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की सुमारे १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत भारतात मोकळेपणाने मिसळणारे समूह पुढे आपापल्या जातीतच लग्नं करू लागले. त्यामुळे एचएलएचे संचही त्या त्या समाजात साचत गेले. जुळणारा दाता बहुतेकदा आपल्याच लोकांत सापडतो, पण त्याचं नाव दात्यांच्या नोंदणीत असेल तरच. अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के होती, तर दक्षिण वा मध्य अमेरिकी वंशाच्या कृष्णवर्णीयाला १६ टक्के. नोंदणीत ज्यांची माणसं कमी, त्यांचा शोध लांबतो.

मला नवीन पनवेल इथेच महत्त्वाचं वाटतं. सिडकोच्या या वसाहतीत घाटावरची, कोकणातली, विदर्भातली कुटुंबं शेजारी राहतात. भोवती आगरी-कोळी गावं आहेत, डोंगराकडे कातकरी वाड्या. या सगळ्यांची नावं नोंदणीत हवीत. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की नमुना झाला. पुढे कधी बोलावणं आलंच, तर चार-पाच दिवस इंजेक्शनं घेऊन एका हातातून रक्त काढतात, यंत्रात मूळपेशी वेगळ्या करतात आणि उरलेलं रक्त शरीरात परत सोडतात. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज घेतात. "मणक्यात सुई घालतात" म्हणून घरचे घाबरतात, पण मणक्याला यात कुणी हातही लावत नाही.