छावणीतल्या शाळेचा हंगाम

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या गप्पांत १९१२ सालच्या कार्लाइल संघाचा विषय हमखास निघतो. खरं तर कार्लाइल हे कॉलेज नव्हतंच. रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या छावणीत काढलेली ती सरकारी निवासी शाळा. देशभरातल्या मूळनिवासी जमातींची मुलं तिथे आणायची, आल्या आल्या त्यांचे केस कापायचे, नावं बदलायची, मायबोली तोंडातून काढू द्यायची नाही. सुतारकी, शिंपीकाम शिकवायचं आणि गोऱ्यांच्या शेतावर राबायला पाठवायचं.

या शाळेची मुलं मोठमोठ्या कॉलेजांशी खेळत आणि त्यांना हरवत. हा फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू काखेत मारून धावायचं आणि अंगावर येणाऱ्यांना चुकवायचं, असा. प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर डोक्याने तल्लख होता. आपली मुलं वजनाला कमी पडतात, हे ओळखून त्याने वेग आणि हुलकावणी यांवर संघ बांधला. कर्णधार होता सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमधून पेंटाथ्लॉन आणि डिकॅथ्लॉनची दोन सुवर्णपदकं घेऊन तो परतला होता.

२१ सप्टेंबरला ऑलब्राइटवर ५०-७ असा विजय मिळवून हंगाम सुरू झाला. व्हिलनोव्हाला ६५-० असं धुतलं. वॉशिंग्टन अँड जेफरसनशी मात्र ०-० अशी बरोबरी झाली. मोठे सामने बहुतेक परगावीच, कारण गल्ला तिथे जमायचा. ऑक्टोबरअखेर जॉर्जटाउनला ३४-२० हरवलं आणि दोनच दिवसांनी संघ टोरोंटोत मैदानावर उभा! तो सामनाही ४९-१ असा खिशात घातला. आजचा कुठला संघ ही दमछाक सोसेल?

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटला गाठ पडली ती लष्करी अकादमीच्या ‘आर्मी’ संघाशी. वुंडेड नी इथे लष्कराने लाकोटा जमातीच्या लोकांची कत्तल केली त्याला जेमतेम २२ वर्षं झाली होती, आणि समोर उभे होते ते त्याच लष्कराचे होऊ घातलेले अधिकारी. पहिला टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणं) आर्मीचा. नंतर मात्र कार्लाइलच्या फसव्या रचनांपुढे त्यांचा बचाव उसवत गेला. कार्लाइलच्या जो गायनला मारहाण केली म्हणून आर्मीच्या कर्णधारालाच पंचांनी बाहेर काढलं. निकाल २७-६. थॉर्पने मैदान गाजवलं, पण टचडाउन त्याच्या नावावर एकही नाही; तीन ॲलेक्स अर्कासाचे, एक जो बर्जीचा. थॉर्पच्या वलयात अर्कासाचं नाव पुसट झालं, हा अन्यायच.

त्या दिवशी आर्मीकडून आयझेनहॉवर नावाचा तरुण खेळत होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. थॉर्पला अडवताना त्याचा गुडघा कायमचा गेला, ही कथा रंगवून सांगितली जाते. दुखापतीची सुरुवात तिथली असेलही, पण गुडघ्याने खरा दगा दिला तो पुढच्या शनिवारी, टफ्ट्सविरुद्ध. कार्लाइललाही त्याच शनिवारी हंगामातला एकमेव पराभव पाहावा लागला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना ३४-२६ हरवलं. मोठ्या विजयानंतर पाय जमिनीवर राहत नाहीत, ते असे.

ब्राउनवरच्या ३२-० विजयाने हंगाम संपला. १४ सामन्यांत १२ विजय, एक बरोबरी, एक हार. ५०४ गुण केले, ११४ दिले.

दोन महिन्यांच्या आत, जानेवारी १९१३ मध्ये, थॉर्प पूर्वी नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळल्याची बातमी छापून आली आणि त्याची ऑलिम्पिक पदकं काढून घेण्यात आली. त्याच्या खेळावर गल्ला भरणाऱ्यांना मात्र कुणी जाब विचारला नाही. १९५३ मध्ये तो गेला. पदकं परत देण्याचा निर्णय १९८२ मध्ये झाला, तोही सहविजेता म्हणून. एकमेव विजेता ही नोंद व्हायला २०२२ साल उजाडलं.

शाळा १९१८ मध्ये बंद झाली आणि छावणी पुन्हा लष्कराकडे गेली. आज तिथे आर्मी वॉर कॉलेज आहे. मैदान अजून जागेवर आहे. शाळेत दगावलेल्या दीडशेहून अधिक मुलांच्या कबरीही त्याच आवारात होत्या. २०१७ पासून लष्कर त्यांचे अवशेष उकरून काढून घरच्यांच्या स्वाधीन करत आहे.