एका अक्षराने पेटलेलं पोट

पोट धरून आलेल्या तरुणाला ‘दारू पितोस का?’ एवढंच विचारून थांबणं मला, पोटविकारांच्या डॉक्टरला, अन्यायाचं वाटतं; दोष त्याच्या जीनमध्येही असू शकतो. स्वादुपिंड निद्रिस्त ट्रिप्सिनोजेन बनवतं. लहान आतड्यात त्याचं ट्रिप्सिन हे पाचक विकर होतं. ते स्वादुपिंडातच जागं झालं, तर आपल्या साखळीत १२२व्या जागी कापलं जाऊन निकामी होतं. ट्रिप्सिनोजेनच्या पीआरएसएस१ जीनमधलं एकच अक्षर बदललं की त्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन येतं आणि ही सोयच जाते. मग ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते, तेही पिढ्यान्‌पिढ्या! पिट्सबर्गच्या डेव्हिड व्हिटकॉम्ब यांच्या गटाने १९९६मध्ये हे दाखवलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील संशोधकांनी स्वादुपिंडदाहाचे भारतीय रुग्ण तपासले, तेव्हा मात्र पीआरएसएस१मध्ये दोष सापडला नाही. अनेकांत बदल होता तो ट्रिप्सिनला आवरणाऱ्या प्रथिनाच्या स्पिंक१ जीनमध्ये.