डेव्हिडसनची चिठ्ठी

धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा, पुढे म्हसावद, राणीपूर आणि मग तोरणमाळचा घाट. थंडी पडली की या रस्त्याची मला वर्षानुवर्षे ओढ लागते. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार भरतो, तेवढी गर्दी सोडली तर ऊस, केळी, पपई आणि कापूस मागे टाकत गाडी सातपुड्याच्या पायथ्याशी येते. इथेच रानपिंगळा हे छोटे, दुर्मीळ घुबड पुन्हा सापडले. पण त्याच्या शोधाची वाट दाखवणाऱ्या जेम्स डेव्हिडसनचे नाव खानदेशात क्वचितच कानी पडते.

1872 च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडच्या भागात हे घुबड टिपले. पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी (काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम) ब्लेविट यांच्या नावाने ही जात जाहीर केली. नंतरचे बहुतेक नमुने खानदेशातून गेले आणि ते पाठवणारा होता डेव्हिडसन.

हा मुंबई इलाख्याच्या नागरी सेवेतला अधिकारी. पश्चिम खानदेशात फिरताना तो पक्षी टिपायचा, कातडी स्वतःच्या ठरावीक पद्धतीने भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायचा: जागा, तारीख. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्याची यादी 1882 च्या सुमारास ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ नियतकालिकात छापून आली. बंदुकीने केलेले संकलन आज पटणारे नाही. पण कारकुनीचा कंटाळा न करता लिहिलेल्या त्या चिठ्ठ्यांना मी फार मोठे मोल देतो. 1884 नंतर रानपिंगळ्याचा भरवशाचा एकही पुरावा नव्हता.

नव्हता, असे आज म्हणता येते. विसाव्या शतकात मात्र सगळे एका वेगळ्या चिठ्ठीवर विसंबून होते. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने 1914 मध्ये तापीच्याच काठी, गुजरातेतल्या मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचे नोंदवले होते. युद्धातल्या पराक्रमांसाठी आणि पक्षिसंग्रहासाठी गाजलेला हा माणूस. त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार? रानपिंगळ्याचा शोध घेणाऱ्यांमध्ये सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारखे जाणकारही होते, पण तो सापडला नाही. 1968 मध्ये नागपूरकडचे म्हणून छापलेले छायाचित्रही साध्या पिंगळ्याचे निघाले.

पुढे रिप्ले यांच्याच ग्रंथप्रकल्पावर काम करताना अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने एकेक करून हाताळले. मांडवीचा तो नमुना पुन्हा उसवून भरलेला होता. क्ष-किरणांखाली त्याच्या आत डेव्हिडसनच्या हातची मूळ ठेवण दिसली. ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचाच पक्षी चोरून, चिठ्ठी बदलून कर्नलसाहेबांनी तो आपल्या नावे केला होता. रासमुसेन आणि निगेल कॉलर यांनी 1999 मध्ये हे प्रकरण सविस्तर प्रसिद्ध केले. माझ्या लेखी ही साधी चोरी नव्हे. तिने एका दुर्मीळ जिवाचा ठावठिकाणाच खोटा करून टाकला.

खोटी चिठ्ठी बाद झाल्यावर उरल्या त्या खऱ्या जागा. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी भटकले. तिथे हाती काही लागले नाही. मग ते शहाद्याला आले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी, ऊन वर येत असताना, निष्पर्ण फांदीवरचा पक्षी आधी किंग यांना दिसला: डोक्यावर जवळजवळ ठिपके नाहीत, छातीवर गडद पट्टा, पायांवर दाट पांढरी पिसे. 113 वर्षांनी रानपिंगळा पुन्हा नोंदला गेला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी.

त्यानंतर फराह इश्तियाक, असद रहमानी आणि इतर अभ्यासकांनी तोरणमाळच्या परिसरात काम केले. यावल, मेळघाट, मध्य प्रदेश, डांग आणि 2014 मध्ये तानसा इथूनही नोंदी आल्या. 2018 मध्ये त्याचे नाव जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ वर आले. एवढ्याने निश्चिंत होऊ नये. हा पक्षी सरडे, उंदीर धरतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. मोठी झाडे सरपणाला आणि शेतीला गेली, की त्याचे घर जाते. घुबडांना जादूटोण्यासाठी मारण्याची रीतही संपलेली नाही आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत त्यांचा चोरटा व्यापार वाढतो.

हिवाळ्यात त्याचे विणीचे दिवस असतात आणि आपल्यासारख्यांच्या गाड्याही तेव्हाच निघतात. दिवाळीनंतर सातपुड्याकडे जाणार असाल तर जरूर जा, त्याला दिवसाढवळ्या पाहा. पण मोबाइलवर त्याची हाक वाजवून त्याला बाहेर काढू नका, ढोलीच्या जवळ जाऊ नका आणि घरट्याची जागा कोणालाही कळवू नका. नोंद मात्र करा, तारीख आणि पाहिलेल्या खुणांसह, डेव्हिडसनसारखी चोख. ती अभ्यासकांकडे आणि वनखात्याकडे पोहोचवा.