शहर कोणाचे? राहणाऱ्यांचे की साऱ्या जगाचे?

आपल्या इंदूरच्या मंडळातली बरीच मंडळी आता युरोपची सहल करून येतात. तिथल्या जुन्या गल्ल्यांचे फोटो पाहिले की "त्यांनी किती छान जपलंय!" असे आपण सहज म्हणतो. पण अख्खे शहर जपायचे, आणि तेही साऱ्या मानवजातीची ठेव म्हणून, हा विचार तिथेही फार जुना नाही. तो मुख्यतः दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत आकाराला आला.

त्याआधी संरक्षण मिळे ते एकेका वास्तूला. आपल्याकडचा १९०४चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदाही त्याच पठडीतला. किल्ला, मंदिर, मकबरा जपायचा. भोवतीची वस्ती हिशेबात धरायची नाही.

पहिल्या महायुद्धाने हा हिशेब बदलायला लावला. ऑगस्ट १९१४मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधले लूव्हेन शहर पेटवले. त्यात तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथालय, लाखो पुस्तके आणि हस्तलिखितांसह, जळून गेले. जगभर संताप उसळला. व्हर्सायच्या तहात तर स्वतंत्र कलमच घातले गेले, की जितकी आणि जितक्या मोलाची ग्रंथसंपदा नष्ट झाली तितकी जर्मनीने भरून द्यावी. नोकरीत मी कर्जवसुलीची कागदपत्रे पुष्कळ पाहिली, पण हस्तलिखितांची वसुली हस्तलिखितांत, असा करार विरळाच! ग्रंथालयाची नवी इमारत १९२८मध्ये उभी राहिली ती अमेरिकन लोकांच्या देणग्यांतून. एका गावाचे नुकसान हे दूरच्या माणसालाही आपले वाटू लागले होते.

मात्र "सर्वांचे" म्हटले की मालकीचा प्रश्न येतोच. बेल्जियममधलेच ईप्र शहर युद्धात जवळपास भुईसपाट झाले. ते अवशेष तसेच ठेवून ब्रिटिश सैनिकांचे स्मारक करावे, अशी विन्स्टन चर्चिल यांची इच्छा होती. भावना खोटी नव्हती. तिथे लाखो माणसे कामी आली होती. पण परतलेल्या रहिवाशांना स्मारकात नव्हे, घरात राहायचे होते. अखेर त्यांचेच म्हणणे टिकले. शहर जुन्या वळणावर पुन्हा बांधले गेले आणि मध्ययुगीन कापडबाजाराची भव्य इमारत १९६७पर्यंत पूर्ण झाली. सैनिकांसाठी १९२७मध्ये मेनिन गेट उभे राहिले. त्यावरच्या चोपन्न हजारांहून अधिक नावांत भारतीय सैनिकांचीही नावे आहेत.

या सगळ्या अनुभवांनंतर ऑक्टोबर १९३१मध्ये अथेन्सला तज्ज्ञांची परिषद भरली. ती राष्ट्रसंघाच्या छत्राखालच्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय कार्यालयाने बोलावली होती. जमलेले बहुतेक युरोपातलेच होते, हेही सांगायला हवे. तरी त्यांनी जे म्हटले ते महत्त्वाचे ठरले: कलेचा आणि पुरातत्त्वाचा ठेवा हा सर्व राष्ट्रांच्या आस्थेचा विषय आहे आणि राष्ट्रे त्याची राखणदार आहेत. म्हणजे मालक नव्हेत, विश्वस्त. शिवाय नवे बांधकाम करताना शहराचे रूप सांभाळा, आणि स्मारकांच्या आसपास जाहिरातींचे फलक, तारांचे खांब, गोंगाटाचे कारखाने, उंच धुरांडी नकोत, असेही त्यांनी सांगितले. आपल्या राजवाड्याच्या परिसरातून चालताना ही यादी आठवल्याशिवाय राहत नाही.

त्या परिषदेला इटलीचे गुस्ताव्हो जोव्हान्नोनी होते. जुन्या शहरावर त्यांचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता घालू नका. नवी रहदारी बाहेरून न्या, आणि आत कुठे एखादी पडकी खोली, कुठे मागाहून चढवलेली भर काढून दाटी तेवढी विरळ करा. उजेड-वारा येईल आणि मोहल्लाही राहील.

इंदूरकरांना हे ओळखीचे वाटायला हवे. असाच विचार स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस यांनी आपल्या देशात त्याआधीच मांडला होता. बडोद्याचा अहवाल त्यांनी १९१६मध्ये लिहिला आणि १९१८मध्ये होळकर दरबारासाठी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल दिला. वस्ती पाडून रस्ते काढण्यापेक्षा जपून केलेली शस्त्रक्रिया बरी, असे ते म्हणत. कारण पाडापाडीत गरिबाचे घर जाते आणि तो पुढच्या गल्लीत जाऊन आणखी दाटी करतो. प्लेगच्या काळात त्यांनी इंदुरात दिवाळीची मिरवणूक काढली, तिच्यात भलामोठा उंदीरही होता. मिरवणूक स्वच्छ गल्ल्यांतूनच जाणार असे जाहीर केले, तेव्हा लोकांनी आपापले आळी-मोहल्ले झाडून काढले. शहर जपायचे तर राहणाऱ्यांना हाताशी धरावे लागते, हे त्यांना नीट कळले होते.

सत्ताधाऱ्यांना ते कळले असे मात्र दिसत नाही. अथेन्सच्या परिषदेनंतर बरोबर वर्षभराने, ऑक्टोबर १९३२मध्ये, मुसोलिनीने रोममध्ये नव्या राजमार्गाचे उद्घाटन केले. प्राचीन रोमचे अवशेष डोळ्यांत भरावेत म्हणून त्यांच्यामधली दाट वस्ती पाडली होती. तिथले रहिवासी शहराबाहेरच्या वसाहतींत गेले. वारशाच्या नावाखाली वारशातलीच माणसे उठवली गेली. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत बोचरा भाग हाच.

लूव्हेनचे ग्रंथालय मे १९४०मध्ये पुन्हा जळाले. युद्धानंतर ते त्याच आराखड्याप्रमाणे परत बांधले गेले. युद्धकाळात सांस्कृतिक ठेव्याला हात लावू नये, यासाठी १९५४मध्ये हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या प्रस्तावनेत पुन्हा तेच तत्त्व आहे: कोणत्याही समाजाच्या ठेव्याचे नुकसान हे साऱ्या मानवजातीचे नुकसान.