मांजराच्या पाकिटावर न छापलेला आकडा

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या पानावर मांजराचा विषय पाहून हसू नका. ज्यांचे गोदाम आहे त्यांना ठाऊक आहे, उंदराने कुरतडलेला तागा पूर्ण भावाने कोणी उचलत नाही. आमच्या गोदामाची राखण नऊ वर्षे एका बोक्याने केली. गेल्या वर्षी तो सारखे पाणी पिऊ लागला, जिथे तिथे लघवी करू लागला, भरपूर खाऊनही वाळू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, दिवसातून दोनदा इन्सुलिन सुरू केले आणि म्हणाले, "कर्बोदके कमी असलेले खाणे द्या."

आता पंचाईत अशी की पाकिटावर प्रथिने, चरबी, तंतू आणि ओलावा छापतात. कर्बोदके बहुधा छापतच नाहीत. ती वजाबाकीने काढावी लागतात. शंभरातून हे चार आकडे आणि राख, म्हणजे क्षार, वजा करा. उरले ते कर्बोदक. राख छापलेली नसेल तर कोरड्या दाण्यात सुमारे ८ आणि ओल्या खाण्यात सुमारे २ टक्के धरतात.

आमच्या दाण्याच्या पाकिटावर प्रथिने ३२, चरबी १२, तंतू ४, ओलावा १०. राख ८ धरली तर बाकी ३४. एवढे पीठ मांसाहारी प्राण्याच्या पोटात! आम्ही ते बंद करून रश्श्याचे पाकीट आणले. प्रथिने ७, चरबी ३, तंतू १, ओलावा ८३, राख २. बाकी फक्त ४. आम्ही खूश झालो.

इथेच आम्ही फसलो. कापूस घेताना ओलावा तपासल्याशिवाय भाव ठरवत नाही तो व्यापारी, आणि इथे ८३ टक्के पाणी विसरून गेला! टक्के वजनाचे नव्हे, उष्मांकाचे पाहायचे असतात. प्रथिने आणि कर्बोदके यांना ग्रॅममागे साडेतीन, चरबीला साडेआठ उष्मांक धरतात. रश्श्याच्या पाकिटात १०० ग्रॅममागे २४.५, २५.५ आणि १४, एकूण ६४. त्यात कर्बोदकांचे १४, म्हणजे जवळपास २२ टक्के! मधुमेही मांजरासाठी साधारण १२ टक्क्यांच्या आत हवे असे डॉक्टर मानतात. दाण्यात हाच वाटा ३६ निघतो.

मग रस्सा नसलेला, नुसता मांसाचा लगदा सापडला. प्रथिने १०, चरबी ५, तंतू १, ओलावा ८०, राख २, बाकी २. वाटा ८ टक्के. मात्र ओल्या खाण्यात राखेचा एक टक्का इकडेतिकडे झाला तरी हिशेब पार बदलतो. शिवाय पाकिटावर प्रथिने आणि चरबी "किमान", ओलावा आणि तंतू "कमाल" असे छापतात, म्हणजे नेमका आकडा कंपनीला पत्र लिहून विचारलेला बरा.

दुसरी चूक याहून मोठी. हिशेब जमला या आनंदात आम्ही एका दिवसात खाणे बदलले, डॉक्टरांना न सांगता. इन्सुलिन तेवढेच. तिसऱ्या दिवशी बोका लडखडला आणि ताग्यांच्या थप्पीखाली पडून राहिला. हिरड्यांना मध चोळून धावत नेले. साखर फार उतरली होती. डॉक्टरांनी आम्हाला चांगलेच सुनावले, आणि ते रास्तच होते. कर्बोदके उतरली की इन्सुलिनही उतरावे लागते, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे. नवे खाणे आवडत नाही म्हणून मांजर उपाशी ठेवणेही वाईट. दोन-तीन दिवस न खाल्ले तर यकृतावर चरबी चढते.

आता मात्रा निम्मी आहे. बोक्याला दिवसाला दोनशेच्या वर थोडे उष्मांक लागतात, म्हणजे ८५ ग्रॅमची तीन पाकिटे. दाण्यापेक्षा महाग पडते. मुनीमजींनी विचारले, खर्च कुठे लिहू? आम्ही सांगितले, गोदामाच्या राखणीत.